मोडलेले हाड आणि जोडणारे हात
(अंबाजोगाईचा एक प्रवास)

१४ जानेवारी १९९४ रोजी मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव मिळाले. तेव्हापासून जमेल त्या वर्षी आम्ही उभयता नामांतर दिनाला औरंगाबादला जातो. शहराचे नाव आता छत्रपती संभाजीनगर झाले आहे, पण आमच्या तोंडी जुनेच बसले आहे. यंदाही विद्यापीठाच्या गेटवर गर्दीत उभे राहून नामांतराच्या शहिदांना अभिवादन केले. परतीच्या वाटेवर होतो तोच फोन आला. भाच्याची बायको बोलत होती.

"मामा, ह्यांचा पाय मोडलाय. अंबाजोगाईला मोठ्या दवाखान्यात हाय. उद्या रॉड टाकणार म्हणतेत. तुम्ही आन मामी येता का?"

मुंबईची गाडी सोडून दिली आणि बीडच्या गाडीची चौकशी करायला एस.टी. स्टँड गाठला.

शेजारी उभी असलेली गाडी

बीडच्या गाडीला अजून अर्धा तास अवकाश होता. तिच्या शेजारीच चाळीसगावची गाडी लागली होती. ती पाटी वाचली आणि आमच्या मनात एकदम दुसराच मोडलेला पाय उभा राहिला. तो पाय बाबासाहेबांचा.

१९२९ सालची गोष्ट आहे. बाबासाहेब तेव्हा मुंबई सरकारने नेमलेल्या एका समितीचे सभासद होते. अस्पृश्यांवरील जुलमाच्या तक्रारींची चौकशी करून परतताना ते चाळीसगावला उतरले. आपल्या लोकांनी आग्रह केला, "आजची रात्र इथेच मुक्काम करा." महारवाडा स्टेशनपासून लांब, नदीपलीकडे. टांगा आणायला माणसे गेली, ती लवकर परतलीच नाहीत. कारण एकही टांगेवाला अस्पृश्याला बसवून टांगा हाकायला तयार नव्हता. आपल्या पाहुण्याने पायी यावे हे लोकांना अपमानाचे वाटत होते. शेवटी तडजोड निघाली. टांगा भाड्याने मिळेल, पण टांगेवाला लगाम धरणार नाही. मग आपल्यातलाच एक माणूस हाकायला बसला. त्याने जन्मात कधी टांगा हाकला नव्हता. नदीवरच्या पुलावर चाक दगडाला अडले. बाबासाहेब फरशीवर फेकले गेले आणि घोडा व टांगा खाली नदीत गेले. बाबासाहेबांचा पाय मोडला आणि कित्येक दिवस त्यांना हिंडता-फिरता येईना.

ही हकीकत त्यांनी स्वतः 'वेटिंग फॉर ए व्हिसा' या लहानशा लेखनात सांगितली आहे. शासनाने छापलेल्या त्यांच्या लेखन आणि भाषणांच्या बाराव्या खंडात ती सापडते. बॅरिस्टर झालेल्या माणसापेक्षाही तो टांगेवाला स्वतःला उच्च समजत होता. घोडा उधळला, चाक अडले, हे खरे. पण तो पाय मोडला तो जातीने.

त्याच लेखनात त्याच वर्षाची, काठियावाडातली आणखी एक हकीकत आहे. एका अस्पृश्य शिक्षकाची बाळंतीण बायको तापाने फणफणली होती. डॉक्टर आला, पण वस्तीत पाऊल टाकीना. बाईला बाहेर आणायला लावले. थर्मामीटर त्याने एका मुसलमानाच्या हातात दिला, त्याने नवऱ्याच्या हातात, नवऱ्याने बायकोच्या. परतही तसाच घेतला. डॉक्टरने नाडीला हात लावला नाही. ती माऊली गेली.

या दोन गोष्टी आम्ही एकत्र का आठवल्या? ताप तपासायला हात नाही लावला तरी एखादा डॉक्टर गोळी देऊन मोकळा होईल. पण मोडलेले हाड हात लावल्याशिवाय बसत नाही. ते ओढावे लागते, चाचपावे लागते, दाबून जागेवर आणावे लागते. ज्यांना कोणी हात लावत नव्हते, त्या आपल्या लोकांची हाडे शेकडो वर्षे कोणी जोडली असतील?

आमचा आजा

गाडी शहागडला गोदावरी ओलांडून गेवराईच्या रस्त्याला लागली, तशी आमच्या सौभाग्यवतींनी तिच्या माहेरच्या आज्याची आठवण काढली. तिचा आजा धारूरच्या डोंगराकडचा. गावाची मेलेली ढोरे ओढायचे काम त्याच्या वाट्याला आलेले. ढोर फाडताना कोणते हाड कुठे बसते, खुब्याची वाटी कशी असते, सांध्याला कोणता दोर बांधून ठेवतो हे त्याच्या बोटांना ठाऊक झाले होते. शेळीचा पाय मोडला की लोक त्याच्याकडे येत. पुढे माणसेही येऊ लागली. तो पाय धरून सरळ ओढायचा, डोळे मिटून बोटांनी चाचपायचा, बांबूच्या चार कामट्या लावायचा आणि चिंध्यांनी बांधायचा.

"दिवसा आपले लोक येत," सौभाग्यवती म्हणाल्या, "आन रात्री पाटलाच्या वाड्यातले. मागच्या दारानं. खांदा निखळला की इटाळ पळून जायचा. खांदा बसला की पुन्हा यायचा."

बाबासाहेबांनी १९२७ साली महाडच्या परिषदेत मेलेली ढोरे ओढणे सोडा असा आदेश दिला. आज्याने पुढे ते काम सोडले. योग्यच केले. पण हाड बसवणे मरेपर्यंत सोडले नाही.

सुश्रुताच्या ग्रंथात मोडलेल्या हाडांचे बारा आणि निखळलेल्या सांध्यांचे सहा प्रकार सांगितले आहेत. ओढणे, दाबणे, जुळवणे, बांधणे हा क्रमही आहे. ज्ञान होते, नव्हते असे नाही. ते ज्यांच्या हातात होते ते हात आपल्यापर्यंत पोचत नव्हते. आणि आमच्या आज्याच्या बोटांत जे होते ते कोणी लिहून घेतले नाही, कारण त्याला अक्षर येऊ दिलेले नव्हते. त्याच्याबरोबर ते मातीत गेले.

मांजरसुंब्याचा घाट

बीड जिल्ह्याचे दुखणे समजायचे असेल तर थंडीच्या दिवसांत यावे. बीड सोडले की मांजरसुंब्याचा घाट लागतो. बालाघाटाचे हे डोंगर सीताफळांनी प्रसिद्ध आहेत. बीडच्या सीताफळाला २०१६ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. पण जानेवारीत झाडे ओकीबोकी असतात आणि गावेही. घरांना कुलपे. पारावर म्हातारी माणसे आणि शेंबडी पोरे. तरणी माणसे कुठे गेली हे विचारावे लागत नाही. ती कोयता घेऊन गेलेली असतात.

दिवाळीच्या आगेमागे बीड जिल्ह्यातून लाखो माणसे पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊस तोडायला जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता. एकट्याचा तो अर्धा कोयता. मुकादमाकडून आगाऊ उचल घ्यायची आणि पट्टा पडेपर्यंत ती अंगमेहनतीने फेडायची. एक दिवस पडून राहिले तर खाडा. या हिशेबात हात-पाय मोडणे म्हणजे एका माणसाचे दुखणे नव्हे. पूर्ण कोयत्याचा अर्धा कोयता होतो, उचल फिटत नाही, पुढच्या वर्षी पुन्हा त्याच मुकादमाकडे जावे लागते. पोरांची शाळा तिथेच सुटते.

नेकनूर, केज मागे टाकून संध्याकाळी अंबाजोगाईला उतरलो. निजामाच्या राज्यात या गावाला मोमिनाबाद म्हणत. योगेश्वरीचे देऊळ, मुकुंदराजांची समाधी, हत्तीखाना नावाची कोरीव लेणी यासाठी लोक इथे येतात. पण मराठवाड्यातला गरीब माणूस अंबाजोगाईचे नाव घेतो तो मोठ्या दवाखान्यासाठी. हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे नेते स्वामी रामानंद तीर्थ यांनी या गावात शिक्षक म्हणून काम केले होते. त्यांच्याच नावाने १९७० च्या दशकात इथे सरकारी वैद्यकीय महाविद्यालय निघाले. ग्रामीण भागात काढलेले आशियातले पहिले वैद्यकीय महाविद्यालय म्हणून त्याची ओळख आहे. बीड शहराला आगगाडी पोचायला २०२५ साल उजाडले, पण डॉक्टरकीचे कॉलेज या डोंगरात त्याच्या कितीतरी आधी आले, ही गोष्ट लहान नाही.

फळीवरून पाय घसरला

भाचा खाटेवर उशीला टेकून बसला होता. ऑपरेशन सकाळीच झाले होते. पायाला पांढरे बँडेज, चेहऱ्यावर थकवा, पण आम्हांला पाहून हसला. सूनबाई पायथ्याशी बसली होती. तिने सांगितलेली हकीकत अशी.

सांगलीकडच्या एका फडावर त्यांची टोळी होती. मध्यरात्री गाडी भरायला आली. डोक्यावर उसाची मोळी घेऊन तिरप्या फळीवरून ट्रकवर चढायचे. फळी दहिवराने ओली झाली होती. पाय घसरला, खाली पडला आणि मोळी नडगीवर आली. कड् असा आवाज सगळ्यांनी ऐकला. मुकादमाने जीपमध्ये घालून जवळच्या एका हाडवैद्याकडे नेले. त्याने पाय ओढला, कसला तरी लेप लावला, कामट्या ठेवून करकचून बांधले आणि सांगितले, "एकवीस दिवस पट्टीला हात लावायचा नाही."

पहाटे कोपीत भाचा गुरासारखा ओरडू लागला. बोटे सुजून काळीनिळी झाली. चिमटा घेतला तरी कळेना. सूनबाईने पट्टी सोडू म्हटले तर मुकादम अंगावर आला, "वैद्यानं सांगितलंय ना? दुखणारच."

शेजारच्या कोपीत एक म्हातारी होती. ती विळा घेऊनच आत आली. "माझ्या मालकाचा हात असाच गेला," ती म्हणाली. "पट्टी सोडली तवर बोटं कोंबडीच्या नखावानी आत वळली व्हती. जन्मभर भाकर मोडता आली न्हाई त्याला." असे म्हणून तिने पट्टी उभी कापली. घटकाभराने बोटांना रंग आला.

हे ऐकताना आमच्या अंगावर काटा आला. त्या म्हातारीने पाय वाचवला. पट्टी फार घट्ट झाली किंवा आत सूज वाढली की स्नायूंचा रक्तपुरवठा तुटतो. काही तासांतच स्नायू मरू लागतात. मग हात-पाय कायमचा वाकडा होतो, नाहीतर कापावा लागतो. चुकीच्या बांधण्यानेही माणूस कायमचा अपंग होऊ शकतो.

पट्टी कापल्यावर त्यांनी दोन लांब काठ्यांना कापडाने पाय सैल बांधला. तिकडे एका खाजगी दवाखान्यात सांगितलेला आकडा ऐकून ती दोघे उलट्या पावली निघाली आणि ओळखीच्या जीपमधून गावाकडे, तिथून अंबाजोगाईला आली. यात तिसरा दिवस उजाडला.

न उघडता जोडायचे

दुसऱ्या दिवशी सकाळी राउंडला आलेल्या तरुण डॉक्टरांना आम्ही विचारले, "साहेब, रॉड टाकला म्हणता, मग एवढीशीच पट्टी कशी? पूर्वी तर वीतभर फाडायचे."

त्यांनी कंटाळा न करता समजावून सांगितले. ते जसे आम्हांला कळले तसे लिहितो.

हाडावर साल असते, जशी फांदीवर असते. हाड मोडले की तिथे रक्त साकळते. त्या रक्ताच्या गोळ्यातून आणि त्या सालीतूनच नवे हाड तयार होते. मोडलेली जागा उघडली की साल खरवडली जाते, साकळलेले रक्त वाहून जाते, जंतू शिरायला वाट मिळते. म्हणून जिथे जमेल तिथे मोडलेली जागा उघडायचीच नाही. आधी भूल देऊन, हाताने ओढून, वळवून, बाहेरूनच हाडाची दोन टोके समोरासमोर आणायची. शेजारी इंग्रजी 'सी' अक्षराच्या आकाराचे एक्स-रेचे यंत्र असते. त्याच्या पडद्यावर आतले हाड दिसत राहते. हाड रेषेत आले की गुडघ्याखाली लहानसा छेद घेऊन हाडाच्या पोकळीतून सळई खाली सरकवायची आणि वर-खाली बारीक छिद्रांतून स्क्रू पिळायचे. झाले. मोडलेल्या जागी चाकू लागतच नाही.

"म्हणजे अर्धे काम हाताचेच," आम्ही म्हणालो.

"अर्धं? ओढणं जमलं नाही तर रॉड जातच नाही," डॉक्टर हसून म्हणाले.

प्रत्येक हाडाला सळईच लागते असे नाही. पलीकडच्या खाटेवर आठ वर्षांचा मुलगा होता, चिंचेवरून पडलेला. मनगटाजवळची दोन्ही हाडे वाकली होती. त्याला भूल देऊन हाताने ओढून हाड बसवले आणि नुसते प्लास्टर केले. लहान मुलांची हाडे पाच-सहा आठवड्यांत जुळतात. हाड बसवूनही सरकत असेल तर कातडीतूनच तारा टोचून ठेवतात. किर्शनर या जर्मन सर्जनच्या नावावरून त्यांना के-वायर म्हणतात. नडगीत किंवा मांडीत घालायची सळई क्युंटशर या दुसऱ्या जर्मन सर्जनने १९४० च्या सुमारास प्रचारात आणली. जखम होऊन हाड बाहेर आले असेल तर पायाच्या बाहेरून लोखंडी सांगाडा लावतात, म्हणजे जखम धुता येते. सांध्याच्या आतच हाडाचा चुरा झाला असेल तर मात्र उघडून पट्टी आणि स्क्रू लावावे लागतात. म्हातारपणी खुब्याचे हाड मोडले तर बहुतेक वेळा ऑपरेशनला पर्याय नसतो. नुसते बांधून खाटेवर ठेवले तर माणूस पाठीच्या जखमांनी आणि छातीच्या विकाराने खचतो.

हाडवैद्याची पाच मुले

दुपारी प्लास्टर रूमबाहेर बाकावर बसलो होतो. आतून एक वयस्क कर्मचारी हात पुसत बाहेर आले. आमच्या सौभाग्यवतींच्या गळ्यातले बाबासाहेबांचे लॉकेट पाहून "जय भीम, ताई" म्हणाले. कित्येक वर्षे प्लास्टरसाठी पाय ओढून धरण्यात गेल्याचे त्यांनी सांगितले.

"डॉक्टर सांगतेत तसं ओढायचं. पेशंटची जात काय, कुणी इचारत न्हाई. ओढलं न्हाई तर हाड बसत न्हाई." मग थोडे थांबून म्हणाले, "पोरगी नर्सिंगला हाय. दुसऱ्या वर्षाला."

आमच्या डोळ्यांसमोर पुन्हा सौभाग्यवतींचा आजा आला. त्याच वेळी वाचलेली एक गोष्टही आठवली. इंग्लंडात लिव्हरपूल शहरात इव्हान थॉमस नावाचा हाडवैद्य होता. हाडे बसवणे हा त्यांच्या घराण्याचा पिढीजात धंदा. लोक त्याच्याकडे रांगा लावत, पण शिकलेले डॉक्टर त्याला भोंदू म्हणत. त्याने काय केले? आपल्या पाचही मुलांना डॉक्टरकी शिकवली. त्यांतला ह्यू ओवेन थॉमस याने घरातले हाताचे ज्ञान आणि कॉलेजातले शास्त्र एकत्र केले आणि मोडक्या पायाला ताण देऊन स्थिर ठेवणारी लोखंडी चौकट तयार केली. ती 'थॉमस स्प्लिंट' आजही इस्पितळांतून वापरतात. पहिल्या महायुद्धात गोळीने मांडीचे हाड मोडलेले शंभरातले ऐंशीच्या आसपास सैनिक दगावत. थॉमसचा भाचा रॉबर्ट जोन्स याच्या आग्रहाने ही चौकट आघाडीवरच लावू लागल्यावर ते प्रमाण विसाच्या आत आले, अशा नोंदी आहेत. चीनमध्येही १९६० च्या दशकात तिएनजिन शहरातल्या डॉक्टरांनी जुन्या हाडवैद्यांचे ओढणे-जुळवणे आणि लहान लाकडी पट्ट्या अभ्यासल्या, एक्स-रेखाली तपासल्या. जे टिकले ते घेतले, जे टिकले नाही ते टाकले.

तेव्हा हाडवैद्य वाईट आणि डॉक्टर चांगला, इतके हे सोपे नाही. वाईट आहे ते तपासून न पाहणे. हाडवैद्याला आतले हाड दिसत नाही, बोटे काळी पडली तरी तो आपले चुकले असे मानत नाही, आणि पाय गेला तर नशिबावर घालतो. तथागतांनी आपल्याला शिकवले ते याच्या उलट. ऐकले म्हणून मानू नका, परंपरा आहे म्हणून मानू नका, अनुभवाला उतरते का ते पाहा. इव्हान थॉमसने ते ओळखले आणि मुलांना शाळेत घातले. सौभाग्यवतींच्या आज्याला ती संधीच नव्हती. त्या प्लास्टर रूममधल्या भाऊंच्या मुलीला ती मिळाली आहे, आणि ती बाबासाहेबांमुळे मिळाली आहे.

हाड मोडले तर घरात, फडावर काय करावे

डॉक्टरांनी आणि सिस्टरबाईंनी सांगितलेल्या गोष्टी आमच्या वाचक बंधू-भगिनींसाठी देतो. कात्रण कापून ठेवावे, ऊसतोडीला जाणाऱ्यांच्या पेटीत तर जरूर ठेवावे.

१. मोडलेला भाग हलवू नये, तेल लावून चोळू नये. दोन सरळ काठ्या, उसाच्या दोन कांड्या किंवा पुठ्ठा लावून वरचा आणि खालचा सांधा धरून सैल बांधावे. काहीच नसेल तर मोडका पाय चांगल्या पायाला बांधावा.

२. बांधल्यावर बोटे उघडी ठेवावीत. बोटे गार, निळी, बधिर झाली, किंवा बोटे हलवली की असह्य कळ येऊ लागली तर रात्र असो की पहाट, पट्टी ताबडतोब कापावी आणि दवाखाना गाठावा. प्लास्टर असेल तरी हेच लक्षण मानावे.

३. जखमेतून हाड दिसत असेल तर ते आत ढकलू नये. हळद, शेण, राख काही लावू नये. स्वच्छ कापड झाकावे आणि लगेच न्यावे. धनुर्वाताचे इंजेक्शन आणि जंतू मारणारे औषध जितके लवकर तितके बरे.

४. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका महाराष्ट्रात २०१४ पासून आहे, तिला पैसे पडत नाहीत. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत हाडांच्या अनेक शस्त्रक्रिया बसतात. रेशन कार्ड आणि आधार कार्ड जवळ ठेवावे, दवाखान्यात आरोग्यमित्राला विचारावे.

५. तंबाखू, गुटखा, मिश्री, बिडी यांनी हाड जुळायला उशीर लागतो. पंचशील घेणाऱ्या घरात हे वेगळे सांगायला नको, तरी सांगतो. अंडी, डाळ, दूध, शेंगदाणे, तीळ, पालेभाज्या खाव्यात आणि अंगावर ऊन घ्यावे.

६. एक्स-रे, कार्ड, बिले जपून ठेवावीत. कामावर झालेल्या इजेची भरपाई मागण्याचा हक्क कायद्याने १९२३ पासून आहे. कागद नसेल तर तोंडी कोणी मानत नाही.

यातले पाचवे कलम ऐकून भाच्याने खिशातली पुडी मुकाट्याने सूनबाईच्या हातात दिली. तिने ती खिडकीतून टाकली नाही, दवाखान्याच्या कचऱ्याच्या डब्यात टाकली. पोरगी शहाणी आहे.

परतताना

तिसऱ्या दिवशी भाच्याला वॉकर धरून उभे केले. पहिल्यांदा कळ आली, डोळ्यांत पाणी आले, पण चार पावले टाकली. पूर्ण जोर टाकायला डॉक्टर सांगतील तेव्हाच. नडगी पक्की जुळायला चार-पाच महिने लागतील. म्हणजे हा पट्टा गेला. उचल अंगावर राहिली. मुकादमाचे दोन फोन येऊन गेले होते, तब्येत विचारायला नव्हे, हिशेबाला.

सूनबाई म्हणाली, "मी अर्ध्या कोयत्यावर जाते म्हणलं तर आत्याबाई नको म्हणत्यात. लेकरू औंदा पहिलीला जायचंय."

आम्ही त्यांना एवढेच सांगितले की, उचल आपण सगळे नातेवाईक मिळून थोडी थोडी फेडू. लेकराची शाळा सोडायची नाही. मुकादमाला आणि कारखान्याला भरपाईचा अर्ज लेखी द्यायचा. अर्ज आम्ही खाटेवर बसूनच लिहिला. दोन प्रती केल्या. भाच्याने दोन्हींवर सही केली, अंगठा नव्हे. आणि आमच्या संघटनांच्या कार्यकर्त्यांना या पानावरून विनंती आहे. दरवर्षी हंगाम सुरू होण्याआधी गावोगावच्या विहारांत एक संध्याकाळ ऊसतोड टोळ्यांसाठी ठेवा. हाड मोडले तर काय करायचे, पट्टी कधी कापायची, एवढे दाखवा. प्रत्येक टोळीबरोबर दोन लाकडी पट्ट्या, स्वच्छ कापड आणि कात्री जाऊ द्या. खर्च जयंतीच्या एका कमानीइतकाही येणार नाही.

विनयपिटकात एक प्रसंग आहे. एक भिक्खू पोटाच्या विकाराने आपल्याच घाणीत पडला होता. कोणी जवळ जाईना. तथागत स्वतः गेले. तथागतांनी आपल्या हातांनी पाणी ओतले आणि आनंदाने त्याला धुतले. मग दोघांनी उचलून त्याला मंचकावर निजवले. जो आजाऱ्याची सेवा करतो तो माझीच सेवा करतो, असे त्यांनी भिक्खूंना समजावले. लहानपणी विहारात हा प्रसंग ऐकला तेव्हा त्याचे मोठेपण कळले नव्हते. या वेळी अंबाजोगाईच्या वॉर्डात, एक तरुण डॉक्टर आपल्या भाच्याची टाच तळहातावर घेऊन बोटे हलवून पाहत होता, तेव्हा कळले.

परतताना गाडीला मांजरसुंब्याच्या घाटात उसाने भरलेला ट्रॅक्टर आडवा आला. वर एक जोडपे बसले होते, बाईच्या मांडीवर झोपलेले मूल. आम्ही खिडकीतून हात केला. त्यांनीही केला.

जय भीम!